सोळापट उंची, दुप्पट विवर

उल्कापाताचं विवर टबात पाडायचं तर पिठाच्या नादी लागू नका. पीठ चिकटून राहतं आणि खड्डा फक्त गोळीचा साचा होऊन बसतो. कोरडी, चाळलेली बारीक वाळूच घ्या. टब निदान ३० सेंमी रुंद हवा आणि वाळू १० सेंमी खोल. गोळी पोलादी, साधारण २ सेंमी व्यासाची.

सगळी मेहनत वाळू तयार करण्यात आहे. दर वेळी ती तळापर्यंत ढवळून मोकळी करा आणि पट्टी फिरवून जादा वाळू काढून टाका. टब ठोकून सपाटी आणायचा मोह आवरा. ठोकलेली वाळू दबते, विवर लहान पडतं आणि आधीच्या आकड्यांशी तुलनाच उरत नाही. सपाट झाल्यावर वर रंगीत वाळूचा पातळ थर भुरभुरा.

गोळी आधी १२.५ सेंमीवरून सोडा, मग ५० सेंमी, मग २ मीटर. सोडायची, फेकायची नाही. टॉर्च बाजूने, जमिनीलगत धरा म्हणजे कडेची सावली पडते. कडेपासून कडेपर्यंत आडवं-उभं असं दोनदा मोजा. गोळी नंतर चुंबकाने वर ओढा. बोटं घातलीत की कड ढासळलीच.

पहिल्यापेक्षा शेवटची उंची सोळापट, म्हणजे ऊर्जाही सोळापट. व्यास मात्र जेमतेम दुप्पट होतो. बाहेर टाकायची वाळू व्यासाच्या घनाने वाढते, शिवाय ती तितकीच जास्त वर उचलावी लागते; म्हणून ऊर्जा व्यासाच्या चौथ्या घाताने लागते. मला या प्रयोगात हेच सगळ्यात आवडतं.

आता कड जवळून बघा. रंगीत थर खालून आलेल्या साध्या वाळूखाली गाडला गेलेला दिसेल. ॲरिझोनातल्या सुमारे १.२ किमी रुंद विवराच्या कडेला खडकांचे थर असेच उलटून पडलेत. अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी तिथल्या आघाताचा पुरावा मांडला त्यात हेही होतं.

गोळी तिरकी मारून बघायची हौस सगळ्यांना असते. लांबट चर पडतो. १८९० च्या दशकात अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह गिल्बर्ट चिखलाचे गोळे मारून बघत होते, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली: चंद्रावरची विवरं मग गोल कशी? उत्तर वेगात आहे. आपली गोळी २ मीटरवरून सेकंदाला जेमतेम ६ मीटर वेगाने येते, अशनी, म्हणजे अवकाशातून पडणारा दगड, कित्येक किलोमीटरने. तिथे आघात-तरंग स्फोटासारखा सगळीकडे पसरतो. अगदी सपाट, साधारण १५ अंशांहून कमी कोनात आलेला अशनी सोडला तर विवर गोलच पडतं. हे प्रयोगशाळेत बघायला नासाच्या एम्स केंद्रात नळीचा कोन बदलता येणारी, सेकंदाला सुमारे ७ किमी वेगाने छरा मारणारी वायूची तोफ लागते. टबातल्या तिरक्या खड्ड्यांची नोंद वेगळ्या पानावर ठेवा आणि ती आकडेमोडीत घेऊ नका.