जास्वंदीचा पाक काळपट का होत होता

चवथीला पाहुण्यांना द्यायला म्हणून फोंड्याच्या घरी परसातल्या तांबड्या जास्वंदीचा पाक केला. साखर, पाणी, फुले एकत्र टोपात घालून अर्धा तास रटरटवले. लाल सरबताऐवजी हाती आला जांभळट-तपकिरी चिकट पाक, वर गवतासारखा वास. आई म्हणाली, "काढा आहे की काय गं हा?"

चूक दोन ठिकाणी होती. फुलांतला रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. तो जास्त उकळीत मरतो आणि आंबटपणा नसेल तर काळपट पडतो. शिवाय टोप अॅल्युमिनियमचा, त्यानेही रंग निळसर होतो.

दुसऱ्या खेपेला स्टीलच्या पातेल्यात 1 वाटी साखर, 1 वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंतच तापवले. गॅस बंद केला. मग 15 फुलांच्या फक्त पाकळ्या (हिरवा देठ आणि मधली दांडी काढून) टाकून 20 मिनिटे झाकून ठेवल्या. गाळल्यावरही रंग मळकटच दिसला, जीव खाली-वर झाला. पण चमचाभर लिंबूरस पडताच पाक लालभडक!

गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या पाकाचे मात्र उलटे. निळा हवा तर बाटलीत लिंबू घालायचे नाही. पेल्यात पिळले की डोळ्यांदेखत जांभळा होतो, पोरे त्यावरच खूश. गोकर्णाच्या शेंगा आणि बिया मात्र घ्यायच्या नाहीत. बाजारातल्या हारांची फुलेही नकोत, त्यांवर काय फवारलेले असते कोण जाणे.

फ्रिजमध्ये ठेवते, दोन आठवड्यांत संपवते.