रुमालातली जुनी पत्रं: सोडावीत कशी, वाचावीत कशी

वाई, सातारा, मिरज, सांगली या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर अजूनही मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडतात. बहुतेक हिशेबच असतात, पण मधूनच एखादं पत्र निघतं: अनुष्ठान पार पडलं, चित्त स्वस्थ आहे, तुम्हीही स्मरण सोडू नये. अशा पत्रांसाठी हे टिपण.

रुमाल पावसाळ्यात सोडू नये. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत सोडावा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि मऊ ब्रशने धूळ झटका. ओलं फडकं मात्र अजिबात नको. जुनी शाई म्हणजे काजळ आणि डिंक. काजळ शेकडो वर्षं विटत नाही, पण पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पुसलं जातं. तपकिरी शाई आणि अक्षराच्या रेघेवरच कागद फाटलेला दिसला, तर ती बहुधा लोखंडी शाई असते, जी कागद खाते. असा कागद पुन्हा पुन्हा घडी करू नका.

गुंडाळी झालेला बंद, म्हणजे कागदाचा लांब ताव, ओढून सरळ करू नये. टीपकागदावर थोडा थोडा उलगडत न्यावा आणि वर दुसरा टीपकागद ठेवून पुस्तकांचं वजन द्यावं. इस्त्री, सेलोटेप, लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. लॅमिनेशन तर परत निघतच नाही. नवा रुमाल कोऱ्या मांजरपाटाचा घ्या आणि खळ निघेपर्यंत धुवा, कारण खळीला कसर लागते. लाल कापड भिजलं तर रंग कागदावर उतरतो.

सांगलीकरांना वेगळं सांगायला हवं. 2019 सारखा पूर आला आणि गठ्ठा भिजला, तर पानं सुटी करू नका आणि उन्हातही घालू नका. पाणी निथळू द्या, गठ्ठा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग जाणकाराला गाठा. दोन दिवसांत बुरशी धरते. गोठलेला कागद थांबून राहतो.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. शेजारी पट्टी ठेवा आणि मागची बाजू विसरू नका. पत्ता आणि ‘पौ’ ही खूण, म्हणजे पत्र पोचल्याची तारीख, बऱ्याचदा तिथेच असते.

आता वाचन. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘पा।’ म्हणजे पाठविले की परगणे, हे संदर्भावरूनच ठरतं. म्हणून आधी ठरावीक भाग ओळखा: वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’ (यावरून नातं कळतं), ‘येथील कुशल जाणून’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. या ओळखीच्या शब्दांवरून लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण कळतं.

घोटाळा होतो तो इथेच. ‘पत्र पावोन संतोष जाहला’ हे वाचून लिहिणारा सुखी होता असं धरू नका. तो शिरस्ता आहे. वसुलीच्या पत्रातही तो असतो. ‘श्रीकृपेने’ शब्दाचंही तेच. ठरावीक वाक्यांवर पेन्सिलने (फोटोच्या प्रिंटवर, मूळ कागदावर नव्हे!) रेघ मारा आणि ‘विशेष’ या शब्दानंतर, म्हणजे खऱ्या मजकुरात, उरतं ते पाहा. श्रद्धा किंवा समाधान खरोखर असेल तर तिथे दिसेल, आणि बहुधा पैशाच्या गोष्टींत गुंतलेलं. साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार पाहा: पहिल्या बाजीराव पेशव्यांनी आपल्या या गुरूलाच कर्जाचा काच कळवला आहे. ते बाजूला काढून फक्त भक्ती वाचली, तर पत्र अर्धंच वाचलं.

तारीख ‘छ’ने सुरू होते, तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याचा दिवस. वर्ष मात्र हिजरी नव्हे, शुहूर सनाचं, आणि तेही अरबी शब्दांत: ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे 7, 70, 100 आणि 1000, एकूण 1177. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1776-77. नेमका दिवस जंत्रीतून, म्हणजे तारखा जुळवणाऱ्या कोष्टकातून, काढा. असा घोळ केवळ आपल्याकडे नाही. आयर्लंडमधल्या बॅलिटोरच्या शॅकल्टन घराण्यासारखे क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) महिन्यांना नावांऐवजी आकडे देत, आणि 1752 पूर्वीच्या त्यांच्या पत्रांत ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च.

नक्कल करताना ‘जाहला’चं ‘झाला’ करू नका. न लागलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब द्या. अंदाजाने लावलेला शब्द चौकटी कंसात घाला, आणि नकलेवर फोटोचा क्रमांक टाका.