मर्यादित शासन आणि मुक्त बाजार: आरंभीच्या अमेरिकी विचारांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

अमळनेर, चोपडा, शहादा यांसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि चार जाणते वाचक जमवून हा अभ्यासवर्ग सहज घेता येतो, आणि तो घ्यावाच असे मला मनापासून वाटते. सरकारने हात आखडला की बाजार आपोआप फुलतो, हे मत अमेरिकेच्या संस्थापकांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्यांनी लिहिलेला मजकूर मात्र क्वचितच कोणी उघडून पाहतो.

म्हणून सुरुवात भाष्यग्रंथांपासून करू नये. पहिल्या बैठकीत १७८७ च्या संविधानातील पहिल्या अनुच्छेदाचे आठवे, नववे आणि दहावे कलम एवढेच मोठ्याने वाचावे आणि फळ्यावर तीन रकाने आखावेत: काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिलेले अधिकार, काँग्रेसला केलेली मनाई आणि राज्यांना केलेली मनाई. पहिल्या रकान्यात कर, कर्ज, नाणी आणि राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन येईल. दुसऱ्यात, राज्यातून निर्यात होणाऱ्या मालावर कर लावण्याची बंदी. तिसऱ्यात, नाणी पाडणे, कागदी चलन काढणे, करारांचे बंधन ढिले करणारे कायदे करणे आणि काँग्रेसच्या संमतीवाचून आयात-निर्यातीवर जकात बसवणे यांची बंदी. रकाने भरल्यावर विद्यार्थ्यांना हे दिसले पाहिजे की देशांतर्गत बाजार मोकळा करण्यासाठी मुख्यतः राज्यांचे हात बांधले गेले आणि केंद्राला पूर्वीपेक्षा अधिक बळ दिले गेले. मर्यादित शासन म्हणजे दुबळे शासन नव्हे, हा या वर्गाचा गाभा आहे.

याचे कारण समजावताना १७८१ मध्ये अमलात आलेल्या परिसंघाकडे, म्हणजे या संविधानापूर्वीच्या राज्यांच्या सैल संघाकडे, वळावे. त्या व्यवस्थेत काँग्रेसला कर बसवता येत नसे, राज्यांमधील व्यापाराचे नियमनही करता येत नसे. न्यू जर्सीत येणारा बराच माल न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या बंदरांतून येई आणि तिथल्या जकातीचा भार शेवटी न्यू जर्सीच्या ग्राहकावर पडे. रावेरहून केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या ट्रकला वाटेतल्या प्रत्येक राज्याने आपापली जकात लावली तर बागाईतदाराच्या हाती काय उरेल, हा प्रश्न विचारला की आपल्याकडची मुले हा मुद्दा लगेच पकडतात. त्यानंतर संविधानाच्या घडणीत पुढे असलेल्या जेम्स मॅडिसनचा ‘फेडरलिस्ट’ या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखमालेतला ४२ वा लेख वाचावा; ही अडचण त्यात स्पष्ट मांडली आहे. एकूण ८५ लेख वाचण्याचा आग्रह धरू नये. गट आणि मालमत्ता यांविषयीचा १० वा, केंद्राचे अधिकार थोडे आणि ठरलेले आहेत असे सांगणारा ४५ वा आणि सत्तेला सत्तेनेच आवर घालणारा ५१ वा, एवढे पुरेत.

एक बैठक कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी राखून ठेवावी. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नेतृत्वाखाली न्यायालयांचे कामकाज बंद पाडले, कारण कर आणि कर्जवसुली यांखाली त्यांच्या जमिनी जात होत्या. करारांच्या संरक्षणाचे कलम सावकाराला दिलासा देणारे होते की सर्वांना, यावर दोन्ही बाजूंनी वाद घडवून आणावा. खानदेशातल्या शेतकरी घरांतील मुलांना या विषयावर स्वतःचे काही म्हणायचे असते. शिक्षकाने मध्येच निवाडा देऊ नये.

पुढची बैठक १७९१ च्या राष्ट्रीय बँकेवर घ्यावी. संविधानात बँकेचा उल्लेख नाही, म्हणून ती काढता येणार नाही, असे परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाला. आवश्यक आणि उचित कायदे करण्याच्या अधिकारात ती बसते, असे अर्थमंत्री हॅमिल्टनने मांडले आणि अध्यक्ष वॉशिंग्टनने विधेयकावर सही केली. त्याच वर्षी हॅमिल्टनने उद्योगांना संरक्षण आणि अनुदान देण्याची शिफारस करणारा अहवाल काँग्रेसला सादर केला. बँकेला विरोध करणाऱ्या मॅडिसनने अध्यक्ष असताना १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेला मान्यता दिली. संस्थापकांचे एकच आर्थिक मत होते, हा समज येथे गळून पडतो.

गुलामगिरीचा विषय टाळून हा वर्ग पूर्ण होत नाही. ज्या संविधानाने करार आणि मालमत्ता जपली, त्यानेच १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई केली आणि प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची गणना तीनपंचमांश धरली. माणूसच विक्रीचा माल ठरवणारा बाजार मुक्त म्हणता येतो का, हा प्रश्न थेट विचारावा. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केले होते, त्यामुळे मराठी वाचकाला ही चर्चा परकी वाटणार नाही.

शेवटच्या बैठकीत भारतीय संविधानाचे व्यापाराच्या स्वातंत्र्याविषयीचे ३०१ ते ३०४ हे अनुच्छेद आणि केंद्र व राज्यांत अधिकार वाटून देणारी सातवी अनुसूची समोर ठेवून तेच तीन रकाने पुन्हा भरावेत आणि आपल्याकडे संसदेला सार्वजनिक हितासाठी व्यापारावर निर्बंध घालण्याची जी स्पष्ट मुभा आहे, ती मॅडिसन आणि हॅमिल्टन यांच्यापैकी कोणाला अधिक रुचली असती, यावर प्रत्येकाकडून दोन पाने लिहून घ्यावीत.