पर्यावरणशास्त्र शिकून डॉक्टर व्हायचंय? अमेरिकेत कॉलेज निवडताना या चुका टाळा

मार्च संपता संपता अ‍ॅडमिशनची उत्तरं येतात आणि आपल्या घरांत आकडेमोड सुरू होते. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या घरी हेच चाललं होतं. तिला पर्यावरणशास्त्र शिकायचं होतं आणि पुढे डॉक्टर व्हायचं होतं. घरातल्या थोरांचा एकच धोशा होता, "मग सरळ बायोलॉजी घे ना!"

ही भीती आधी मनातून काढून टाका. अमेरिकेत मेडिकलला चार वर्षांच्या पदवीनंतर जातात. त्याआधीच्या तयारीला प्री-मेड म्हणतात, पण त्या नावाची पदवी नसते, आणि मेडिकल स्कूल अमुकच विषयाची पदवी हवी असं सहसा म्हणत नाही. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला. त्यानंतर लहान मुलांच्या रक्तातलं शिशाचं प्रमाण वाढल्याचं २०१५ मध्ये जगापुढे मांडणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांचं पदवीचं शिक्षण पर्यावरणाशी संबंधित विषयातलंच. पदवी मिशिगन विद्यापीठाची, एमडी (तिथली डॉक्टरकीची पदवी) मिशिगन स्टेटची, दोन्ही सरकारी विद्यापीठं. विषयाची निवड चुकीची नाही. चुका होतात त्या पुढे.

पदवीत सगळं येईल असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मेडिकल स्कूलना साधारणपणे लॅबसह एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स लागतं. शिवाय बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स किंवा गणित आणि इंग्रजी. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही असतं. पर्यावरणशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत यातलं अर्धंच सक्तीचं असतं. त्यात 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स' आणि 'एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज' या नावांत हमखास गोंधळ होतो. दुसऱ्यात धोरण, कायदा, अर्थकारण यांवर भर असतो आणि केमिस्ट्री बहुतेक वेळा स्वतःहून वरून घ्यावी लागते.

म्हणून कॉलेजचा चार वर्षांचा तक्ता मागवा आणि पेन्सिल घेऊन बसा. मोकळ्या ऐच्छिक जागांत ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री बसवून बघा. फील्डवर्कचं सेमिस्टर असेल तर ते नेमकं ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागावर येतंय का? उन्हाळी फील्ड कॅम्प एमकॅटच्या तयारीच्या महिन्यांत पडतोय का? भाचीच्या यादीतलं सगळ्यात स्वस्त कॉलेज इथेच गळालं. लॅबच्या वेळा अशा एकमेकांवर येत होत्या की पाचवं वर्ष अटळ होतं, आणि पाचव्या वर्षाची फी, भाडं, जेवण धरलं की ते यादीतलं सगळ्यात महाग ठरत होतं.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो फार उशिरा कळतो. बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या एएमसीएएस या सामायिक अर्जसेवेमार्फत जातात, तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए (ग्रेडची सरासरी) काढतात. पर्यावरणशास्त्र, भूगर्भशास्त्र, हवामानशास्त्र हे विषय सहसा त्या गटात धरले जात नाहीत. म्हणजे तिथे मिळवलेली 'ए' ग्रेड एकूण जीपीए वाढवते, विज्ञानाचा नाही. इकॉलॉजीसारखा कोर्स मात्र बायोलॉजीत मोजला जातो. कोर्स निवडताना हे लक्षात असू द्या.

छापील फी बघून घाबरणं किंवा भुलणं

२०११ पासून फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. घरचं उत्पन्न टाकलं की मदत वजा जाता साधारण किती भरावं लागेल ते दिसतं. महागड्या खासगी कॉलेजचा आकडा कधी कधी सरकारीपेक्षा खाली येतो, म्हणून फी बघून नाव खोडू नका.

उलट बाजूही बघा. सिरॅक्यूजमधलं सनी ईएसएफ हे फक्त पर्यावरण आणि वनशास्त्राला वाहिलेलं सरकारी कॉलेज. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तिथली ट्यूशन वर्षाला ७ हजार डॉलरच्या आसपास पडते, शेजारच्या सिरॅक्यूज विद्यापीठातले काही कोर्स घेता येतात, आणि अपस्टेट मेडिकल युनिव्हर्सिटी त्याच शहरात आहे. न्यूयॉर्ककरांसाठी मी हे पहिल्या तिनांत ठेवीन. न्यू जर्सीच्या मुलीला मात्र बाहेरच्या राज्याची फी लागते, आणि तिला घराजवळ रटगर्स या सरकारी विद्यापीठाचं कुक कॅम्पस जास्त परवडतं. पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल तर डब्ल्यूयूई ही पश्चिमेकडच्या राज्यांची सामायिक फी-सवलत योजना बघा. तिच्यातल्या कॉलेजांत शेजारच्या राज्यातल्या मुलांना स्थानिक ट्यूशनच्या जास्तीत जास्त दीडपट आकारतात.

पैसे आत्ता वाचवायला हवेत, त्याचं कारण पुढे आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज बंद होतंय. मेडिकलला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळेल. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च ३ लाखांच्या पुढे जातो. मधली रक्कम खासगी कर्जातून उभी करायची नसेल, तर पदवीसाठी घेतलेलं प्रत्येक कर्ज दोनदा तपासा.

व्हिसाचा विचार शेवटी करणं

मूल एच-४ वर (एच-१बी नोकरीच्या व्हिसावरच्या पालकाच्या मुलांचा व्हिसा) असेल तर फेडरल मदत मिळत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना अनेक मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, घेतच नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी हा हिशेब अकरावीतच मांडावा. इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

'आमची ९० टक्के मुलं मेडिकलला जातात'

कॉलेज असं सांगतं तेव्हा कशाच्या ९० टक्के, ते विचारा. काही कॉलेजांत मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजची समिती शिफारसपत्र देते आणि कमी जीपीएच्या मुलांना ते नाकारते, मग ती मुलं अर्जच करत नाहीत. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारी किती होती आणि शेवटी अर्ज किती जणांनी केला, हे दोन आकडे मागा.

आधीच अडकला असाल तर

ऑरगॅनिक राहिलं असेल तर उन्हाळ्यात घराजवळच्या सरकारी विद्यापीठात घेता येतं, पण क्रेडिट चालेल याची लेखी परवानगी आधी घ्या. ग्रेड बिघडली आणि कोर्स पुन्हा केला, तरी एएमसीएएस दोन्ही ग्रेड मोजतं, तेव्हा पूर्ण तयारीनिशीच पुन्हा बसा. स्कॉलरशिपची अट ३.५ जीपीएची असेल तर ऑरगॅनिक आणि फिजिक्स एकाच सेमिस्टरला घेऊ नका, आणि जीपीए घसरतोय असं वाटताच फायनान्शियल एड ऑफिसला भेटा. बऱ्याच ठिकाणी एक सेमिस्टर मुदत मागता येते, पण ती निकाल लागायच्या आधी मागावी लागते.