छाटणी करताना माशाची लांबी नका बघू, जाडी बघा

इंदूरजवळ सांवेरच्या बाजूला आमच्या तीन टाक्या आहेत पंगास माशांच्या, आणि नवीन माणूस आला की हमखास विचारतो की बीज, म्हणजे बारकी पिल्लं, एकाच दिवशी सोडलं मग दीड महिन्यात एक वीतभर न् दुसरा बोटाएवढाच कसा. अहो होतंच ते, जो जरा दांडगा तो आधी खाद्यावर तुटून पडतो, बाकीच्यांना उरलंसुरलं, मग फरक वाढतच जातो. देशी मागूर मासा असेल तर अजून वाईट, मोठं पिल्लू लहानाला सरळ गिळतं आणि आपण म्हणत बसतो की मासे कमी झाले पण मेलेला एकही दिसत नाही.

म्हणून छाटणी करायची, म्हणजे मोठे न् लहान मासे वेगळे करायचे. छाटायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद, पूर्ण चोवीस तास. पोट भरलेला मासा हाताळला की दमतो, घाण करतो, ऑक्सिजन पण जास्त खातो. काम सकाळी, पोह्यांच्या आधी. तलाव असेल तर मात्र अगदी अंधारात नको, हिरव्या पाण्यात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, थोडं ऊन येऊ द्या. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात सकाळी अकरा वाजता, ऊन तापल्यावर जाळं टाकलं, कारण मेव्हणा उशिरा उठला, आणि संध्याकाळी बादलीभर मासे उलटे तरंगत होते.

आता ग्रेडर, म्हणजे मासे छाटायची चाळणी. विकतचा नको, भाजीचा प्लॅस्टिक क्रेट घ्या, तळ कापून टाका आणि तिथे अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे एका ओळीत बसवा, सगळ्या फटी अगदी सारख्या. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासा, पंगासला खवले नसतात, कातडी लगेच सोलते. फट किती ठेवायची? जो मासा वर अडकायला हवा त्याची पाठीकडची जाडी मोजा आणि फट त्याच्यापेक्षा जराशी कमी ठेवा, कारण मासा फटीतून डोकं घालून निघतो, तिथे लांबीचा काही संबंध नाही. आधी पंधरा-वीस माशांवर ट्राय करून बघा.

क्रेट पाण्यातच ठेवायचा, खाली हापा, म्हणजे जाळीची पिशवी, बांधलेला. वरून मग्याने थोडे थोडे मासे सोडा, बारके आपोआप खाली पळतात, हात लावायची गरजच नाही. लागलाच तर ओला हात, आणि पंखाजवळच्या काट्याला जपून. हापा बारीक विणीचा घ्या नाहीतर काटे जाळीत अडकतात आणि एकेक सोडवताना अर्धा तास जातो, एअर पंप चालूच ठेवा.

मोठे वेगळ्या टाकीत हलवा, लहान जागेवरच राहू द्या. दोन्हीकडचे शंभर-शंभर मासे मोजून वजन करा आणि खाद्य त्या वजनावर काढा, बारक्यांना दाणा पण बारीक, मोठा दाणा ते तोंडात घेऊन थुंकतात. त्या दिवशी खाद्य नकोच, दुसऱ्या दिवशी अर्धं. मोठे गेले की बारक्यांतले बरेच जण तीन आठवड्यांत भराभर वाढतात, आणि जे तरीही तसेच राहतात ते मी पुढच्या छाटणीला सरळ काढून टाकतो.