गुडघ्यात ‘खट्’ वाजलं, आता काय करायचं?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने सुरू झाले की हे हमखास दिसतं. बॉल घेऊन पळणारा पोरगा एकदम वळतो, बूट मैदानात रुततो, पाय तिथंच राहतो आणि अंग फिरतं. कुणी धक्काही दिलेला नसतो. तो गुडघा धरून खाली बसतो आणि गॅलरीतून सल्ला येतो, “वाटी सरकली असंल, चोळून घे!”

चोळू नका. “जरा पळून बघ” हेही नको. आधी मैदानाबाहेर या. टॉवेलात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटं धरा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं निळी पडतील इतकं आवळू नका. झोपून पाय उशांवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस तेल, मालीश, शेक बंद. आंबेहळद लावायची हौस असेल तर लावा, पण गरम करून नको आणि तिच्या भरवशावर दवाखाना टाळू नका.

मग घड्याळ बघा. सूज किती वेळात आली, हे डॉक्टर विचारणारच. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त उतरलेलं असतं; अशा वेळी पहिला संशय पुढच्या लिगामेंटवर (लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी), म्हणजे एसीएलवर. सकाळी उठल्यावर सूज दिसली, तर बहुधा गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीला मार असतो किंवा लिगामेंट नुसतं ताणलेलं असतं.

लागलं कसं, तेही सांगा. गुडघ्यात मुख्य लिगामेंट चार. पाय रोवून अंग फिरलं की एसीएल जातं. कुस्तीत बाहेरून दाब येऊन गुडघा आत वाकला की आतल्या बाजूचं. गाडीवरून पडताना वाकलेला गुडघा समोरून आदळला की मागचं. बाहेरच्या बाजूचं एकटं क्वचितच जातं.

आता घाई कधी करायची? पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं, गुडघ्याचा आकारच बदलला, तर रक्तवाहिनी दाबली किंवा फाटलेली असू शकते. इथं तासांचा हिशेब असतो. सरकारी सीपीआर रुग्णालय असो वा जवळचं मोठं हॉस्पिटल, तडक गाठा. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला तरी तेच.

खरी फसगत पुढं होते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणं जातं. रंकाळ्याला सरळ फेरी मारली तर काहीच होत नाही. मग एक दिवस जिन्यावरून उतरताना मागून कुणी हाक मारतं, माणूस वळतो आणि गुडघा लचकन दगा देतो. असं एकदा जरी झालं तरी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. गुडघा असा सटकत राहिला की आतली गादी फाटत जाते.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्यात हाड दिसतं, लिगामेंट नाही. डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढं ओढून बघतात. ताज्या सुजेत हे नीट कळत नाही, म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तर कंटाळा करू नका. गरज वाटली तर एमआरआय.

ऑपरेशनची धास्ती मात्र उगाच घेतली जाते. आतल्या बाजूचं लिगामेंट बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामावर भरून येतं. एसीएल पूर्ण तुटलं तर सहसा आपोआप जुळत नाही, तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. दिवसभर दुकानात बसणाऱ्याचं मांडीच्या व्यायामावर भागू शकतं. वळणावळणाचा खेळ खेळायचा असेल तर बहुधा नवं लिगामेंट बसवतात.

त्यानंतर मैदानात उतरायला किमान नऊ महिने. पाचव्या महिन्यात दुखत नाही म्हणून फायनलला उतरणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. मैदानात उतरण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर एकेका पायावर लांब उडी मारून टेपनं मोजून घ्या. ऑपरेशनच्या पायाची उडी दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचत नसेल, तर बूट अजून पिशवीतच राहू द्या.