हौशी माउंटन बाइक शर्यतीतील मार्गखुणा आणि स्वयंसेवक : या चुका टाळा

हौशी माउंटन बाइक शर्यतीनंतर 'मी वाट चुकलो' अशी तक्रार घेऊन कोणी आयोजकांच्या टेबलाशी आले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "बाण तर तिथेच लावला होता." हे उत्तर खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते. बाण लावला होता यात वाद नसतो. धापा टाकत, घाम डोळ्यांत उतरलेला असताना, समोरच्या चाकावर नजर ठेवून येणाऱ्या माणसाला तो दिसला का, आणि दिसला तेव्हा ब्रेक लावून वळण्याइतके अंतर शिल्लक होते का, एवढेच पाहायचे असते. अनेक शर्यतींत कधी स्पर्धक म्हणून आणि कधी खुणा लावणाऱ्यांपैकी एक म्हणून वावरल्यावर माझे मत असे झाले आहे, की वाट चुकलेल्या दहा स्पर्धकांपैकी नऊ जणांची चूक आदल्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते.

मार्ग पाठ असलेल्यानेच तो तपासणे

मार्ग आखणारी व्यक्ती त्या पायवाटेवरून इतक्या वेळा गेलेली असते, की तिला फाटा दिसेनासा होतो. डावीकडे वळायचे हे तिच्या पायांना ठाऊक असते, त्यामुळे सरळ जाणारी रुंद, मळलेली वाट अनोळखी माणसाला किती खुणावते, हे तिच्या लक्षातच येत नाही. म्हणून खुणा मार्ग जाणणाऱ्याने लावाव्यात आणि त्या तपासण्याचे काम मात्र ज्याने तो परिसर पूर्वी पाहिलेला नाही अशा सायकलस्वाराला द्यावे. त्याला नकाशा देऊ नये, सोबत कोणाला पाठवू नये आणि शक्य तितक्या शर्यतीच्या वेगाने जायला सांगावे. तो जिथे पाय टेकून इकडेतिकडे पाहील, तिथे खूण कमी आहे असे समजावे. पायी फिरून केलेली तपासणी जवळजवळ फसवीच असते, कारण चालणाऱ्याला पाटी वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरणारी सायकल सेकंदाला ८ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापते. सैल मुरमावर धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत आणि सायकल ताब्यात येईपर्यंत सहज १५ ते २० मीटर निघून जातात. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमावलीत क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी फाट्याच्या १० मीटर आधी एक, प्रत्यक्ष फाट्यावर एक आणि वाट बरोबर असल्याची खात्री पटावी म्हणून १० मीटर पुढे एक, असे बाण सांगितले आहेत, आणि चुकीच्या वाटेवर फुलीची पाटी सांगितली आहे. हौशी आयोजक यांतला मधला बाण न चुकता लावतात, पहिला कधीकधी लावतात आणि तिसऱ्याला अनावश्यक खर्च समजतात. माझ्या मते तिसरा बाण सर्वांत मोलाचा आहे, कारण आपण बरोबर वळलो की नाही या शंकेने वेग कमी करणारा, मागे वळून पाहणारा आणि त्या नादात पडणारा स्पर्धक त्याच्यामुळे वाचतो. वेगवान उतारावर मात्र १० मीटर आधीची पाटी पुरत नाही. तिथे आणखी ३० ते ४० मीटर मागे एक इशारा हवाच.

धोक्याच्या जागांसाठी त्याच नियमावलीत खाली तोंड केलेल्या बाणांची सोय आहे : एक बाण म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे धोका अधिक, तीन म्हणजे अतिशय धोकादायक. ही पद्धत वापरायची असेल, तर शर्यतीपूर्वीच्या सूचनांमध्ये पाट्या प्रत्यक्ष हातात धरून दाखवाव्यात. हौशी स्पर्धकांपैकी अनेकांनी तीन उलटे बाण कधी पाहिलेले नसतात. आणि प्रत्येक मोठ्या दगडापाशी तीन बाण ठोकण्याचा मोह टाळावा. मार्गभर तेच दिसू लागले, की खऱ्या कड्यापाशीही कोणी ब्रेकला हात लावत नाही.

हिरव्या रानात लाल फीत

लाल रंग म्हणजे इशारा, हे समीकरण रस्त्यावर ठीक आहे. झाडीत ते उलटते. काही लोकसमूहांत दर १२ पुरुषांमागे सुमारे एकाला लाल आणि हिरव्या रंगांत फरक करणे अवघड जाते, आणि ज्याची दृष्टी निर्दोष आहे त्यालाही दाट सावलीत किंवा दिवस मावळताना लाल रंग आधी काळपट दिसू लागतो. पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची किंवा झगझगीत पिवळी फीत अशा ठिकाणी अधिक भरवशाची ठरते. तरीही पिवळ्या पडलेल्या गवताच्या माळावर पिवळी फीत बांधणारे आयोजक मी पाहिले आहेत. ज्या रंगाच्या पार्श्वभूमीवर फीत दिसणार आहे, ती पार्श्वभूमी पाहूनच फीत निवडावी, आणि शर्यत दुपारपर्यंत चालणार असेल तर दुपारच्या उन्हातही तो मार्ग एकदा पाहावा, कारण सकाळी उजळ दिसणारी पाटी सूर्य मागे गेल्यावर नुसती काळी चौकट होऊन बसते.

एका शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीवर बाण लावला होता. लांबून स्पष्ट दिसत होता, दोघांनी तपासला होता. रात्री पाऊस झाला. ओली पाने जड होऊन फांदी हातभर खाली आली आणि सकाळी त्या बाणाचे फक्त शेपूट दिसत होते. पहिल्या चार जणांना आधीची वाट ठाऊक असल्याने ते बरोबर गेले, पाचवा सरळ गेला, आणि त्याच्या मागचे अकरा जण त्याच्या मागोमाग गेले. पुढचा गेला म्हणून आपणही जाणे, हा शर्यतीतला स्वभाव गृहीत धरूनच खुणा लावाव्या लागतात. त्या दिवसापासून सुरुवातीच्या तासभर आधी एका सायकलस्वाराने फीत, पिना आणि चार जादा बाण पाठीवर घेऊन संपूर्ण फेरी मारायची, हा नियम आम्ही कधी मोडलेला नाही. वारा, पाऊस, फीत चघळणारी जनावरे आणि गंमत म्हणून बाण फिरवून ठेवणारी माणसे, या सर्वांची कामगिरी याच फेरीत उघडकीस येते.

फीत कुठे बांधली जाते, यावरही लक्ष हवे. हँडलबारच्या उंचीवर वाटेच्या अगदी कडेला ताणलेली फीत ब्रेकच्या दांडीत अडकते, आणि सुटून लोंबणारे टोक मागच्या चाकाच्या गिअरमध्ये गुंडाळले गेले, तर त्या स्पर्धकाची शर्यत तिथेच संपते. फीत धरण्यासाठी लोखंडी सळया रोवणे ही तर अक्षम्य चूक आहे. पडणाऱ्या माणसाच्या अंगात सळई घुसू शकते. बांबूची किंवा पीव्हीसीची काठी मोडते, आणि मोडायलाच हवी. बंद वाटेवर एकच फीत आडवी बांधून थांबू नये. ती तुटली, की बंद वाट उघडी वाट होऊन बसते. फुलीची पाटी, दोन उंचींवर फीत आणि जमिनीवर वाळक्या फांद्या आडव्या, एवढे केले तर त्यांतले काहीतरी टिकतेच. जमिनीवरचे चुन्याचे किंवा पिठाचे बाण जोड म्हणून ठीक आहेत, परंतु पन्नास चाके गेल्यावर त्यांचा नुसता पांढरा डाग उरतो. खडकांवर रंग फासणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण शर्यत एक दिवसाची असते आणि रंग वर्षानुवर्षे टिकतो.

एकाच मार्गावर लांब आणि आखूड अशा दोन शर्यती असतील, तर जिथे त्या विभागतात तिथे नुसत्या रंगांवर विसंबू नये. पाटीवर अंतर मोठ्या अक्षरांत लिहावे, तोच रंग स्पर्धकाच्या क्रमांकाच्या पाटीवर द्यावा आणि तिथे माणूस उभा करावा. 'पहिल्या फेरीत डावीकडे, दुसऱ्या फेरीत उजवीकडे' अशी आखणी ज्यांना सुचते, त्यांनी ती कागदावरच खोडून टाकावी.

स्वयंसेवकाचे शरीर हीसुद्धा पाटीच आहे

पहिल्यांदा स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो, तेव्हा मला एक फाटा सोपवला होता. बरोबर वाटेच्या तोंडाशी एका झाडाची सावली होती, म्हणून मी तिथे उभा राहिलो. येणाऱ्या तिघांनी मला पाहिले आणि माणूस उभा आहे म्हणजे ही वाट बंद असणार, असे समजून ते दुसऱ्या वाटेने निघून गेले. मी हात करत होतो, ओरडत होतो. त्यांना ते प्रोत्साहन वाटले. चूक सर्वस्वी माझी होती आणि ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. स्वयंसेवकाने नेहमी चुकीच्या वाटेचे तोंड अडवून उभे राहावे आणि स्पर्धक ३० ते ४० मीटरांवर असतानाच संपूर्ण हात लांब करून दिशा दाखवावी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभे राहू नये, कारण घसरलेली सायकल तिकडेच येते. हातात मोबाइल असेल, तर दाखवलेल्या दिशेवर स्पर्धकाचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये हेच योग्य आहे.

उत्साही स्वयंसेवकांकडून होणाऱ्या चुका आळशांपेक्षा जास्त असतात, असा माझा अनुभव आहे. चढावर दमलेल्याला पाठीला हात लावून ढकलणे, ओळखीच्याला ठरलेल्या जागेबाहेर पाणी देणे, पंक्चर काढायला मदत करणे, पुढच्या स्पर्धकाचे अंतर एकालाच सांगणे : यांत वाईट हेतू नसतो, पण नियमाने बाहेरची मदत ठरावीक ठिकाणीच मिळत असेल, तर ढकललेला स्पर्धक बाद ठरू शकतो. तसेच वाट सोडून गेलेल्याला 'जाऊ दे, इकडून ये' असे सांगून पुढे जोडून देऊ नये. जिथून तो बाहेर गेला तिथूनच त्याने परत यायचे असते. आणि शिक्षा द्यायची की नाही, हे स्वयंसेवकाने ठरवायचे नाही. काय पाहिले, कोणता क्रमांक, किती वाजले, एवढेच लिहून ठेवायचे. पावसाळी दिवशी ही नोंद पेन्सिलीने करावी, कारण ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.

वाटेवर फिरायला आलेले लोक हा वेगळा विषय आहे. वाट शर्यतीसाठी अधिकृतपणे बंद केलेली नसेल, तर स्वयंसेवकाला कोणालाही हटकण्याचा अधिकार नसतो. 'दोन मिनिटे बाजूला थांबता का, सायकली येत आहेत' ही विनंती बहुतेक वेळा पुरते, आणि शिट्टी फुंकत अंगावर धावून जाणाऱ्या एका माणसामुळे पुढच्या वर्षीची परवानगी हातची जाऊ शकते.

अपघात झाल्यावरची पहिली दोन मिनिटे

इथे होणारी चूक जवळजवळ सर्वत्र सारखी असते : स्वयंसेवक पडलेल्याकडे धावतो आणि वरून येणारा दुसरा सायकलस्वार दोघांवर आदळतो. पहिले काम वरच्या बाजूची वाट सुरक्षित करणे हे आहे. म्हणून तीव्र उताराखाली नेहमी दोघे असावेत, म्हणजे एक झेंडा आणि शिट्टी घेऊन वर जाऊ शकतो. एकटाच असाल, तर पुढच्या स्पर्धकाला थांबवून वर उभे करावे; खिलाडू माणूस नकार देत नाही. त्यानंतर संपर्क साधून आपल्या ठिकाणाचा क्रमांक, स्पर्धकाचा क्रमांक, तो शुद्धीवर आहे का आणि नीट श्वास घेतो आहे का, हे या क्रमाने सांगावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर त्याला हलवू नये आणि श्वास अडत नसेल तर हेल्मेटही काढू नये.

अधिक अवघड असतो तो लगेच उठून 'काही झाले नाही' म्हणणारा. आता कोणती फेरी चालू आहे, मागचा मोठा चढ कुठे होता, असे दोन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तर देताना तो गोंधळला, क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल किंवा मळमळत असेल, तर त्याला पुढे जाऊ देऊ नये, तो कितीही चिडला तरी. डोक्याच्या मारांची लक्षणे कधीकधी काही तासांनी दिसतात.

संपर्क साधायचे म्हटले, तरी वॉकी-टॉकी अनेकदा फक्त वाहनतळावर तपासलेला असतो. दरीत, कड्याआड तो मुका होतो आणि मोबाइलचीही तीच गत असते. प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष उभे राहून आदल्या दिवशी चाचणी घ्यावी, आणि जिथून आवाज पोहोचत नाही तिथला निरोप कोणत्या ठिकाणामार्फत जाईल, ते आधी ठरवावे.

किती वाजेपर्यंत उभे राहायचे

हे न सांगितल्यामुळे स्वयंसेवक कंटाळून निघून जातात. समजा ८ किलोमीटरची फेरी आहे आणि तुमचे ठिकाण सहाव्या किलोमीटरवर आहे. ताशी २० किलोमीटरने येणारा पहिला स्पर्धक १८ मिनिटांत पोहोचेल, आणि ताशी ८ किलोमीटरने येणारा शेवटचा ४५ मिनिटांत. चार फेऱ्यांची शर्यत असेल, तर हे अंतर तासांत मोजावे लागते. प्रत्येकाच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवर या दोन वेळा लिहाव्यात आणि त्याखाली एकच वाक्य असावे : सर्वांच्या मागून येणारा आयोजकांचा सायकलस्वार तुमच्यापाशी येऊन 'झाले' असे म्हणेपर्यंत जागा सोडू नये.

त्या मागच्या सायकलस्वाराच्याही मागे राहून खुणा काढणारी तुकडी असते, आणि तिची घाई हा या संपूर्ण कामातला शेवटचा धोका आहे. एकदा त्यांनी शेवटची स्पर्धक समजून जिला मोजले, ती प्रत्यक्षात शेवटून तिसरी होती. उरलेल्या दोघांना फीत काढून टाकलेल्या रानातून अंदाजाने यावे लागले. सुरुवातीला किती जण सुटले, किती अंतिम रेषेवर आले आणि किती मध्येच थांबून परस्पर घरी गेले, या तीन आकड्यांचा मेळ बसल्याशिवाय एकही बाण काढू नये. शर्यत सोडणाऱ्याने आपली क्रमांकाची पाटी जवळच्या स्वयंसेवकाकडे किंवा आयोजकांच्या टेबलावर द्यायची, हे सुरुवातीच्या रेषेवर दोनदा सांगावे. मेळ बसला, की लावलेले बाण आणि परत आलेले बाण मोजावेत आणि खोडांतल्या पिना पकडीने उपसून काढाव्यात. नेमकी एखादी पाटी त्या पानांआडच्या झाडावर राहून गेलेली असतेच.